स्वस्त काडतुसाचा महाग हिशेब
विशेष प्रतिनिधी

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये मिश्र स्कीट प्रकारात महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका यांचे ब्राँझपदक अवघ्या एका लक्ष्याने हुकले. चीनच्या जोडीने ४४ लक्ष्ये फोडली, भारतीय जोडीने ४३. या निकालानंतर मानसिक कणखरतेपासून प्रशिक्षकापर्यंत सर्व गोष्टींची चर्चा झाली. काडतुसाची मात्र फारशी झाली नाही. वास्तविक शॉटगनच्या खेळात कोण किती सराव करू शकतो आणि मुळात हा खेळ कोण खेळू शकतो, हे काडतुसाची किंमत ठरवते.

रायफल आणि पिस्तूल या प्रकारांत महाराष्ट्राने देशाला अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ चा ब्राँझपदक विजेता स्वप्नील कुसळे असे नेमबाज दिले. ट्रॅप आणि स्कीटमध्ये या तोडीची नावे राज्यातून पुढे आली नाहीत. मैदानांची वानवा हे त्याचे एक कारण आहेच. पण एअर रायफलचा छर्रा आणि बारा बोअरचे काडतूस यांच्या किमतीतील तफावत पाहिली, तर मध्यमवर्गीय पालक मुलाला कोणत्या रेंजवर नेईल हे वेगळे सांगायला नको. बिकानेरचे महाराजा कर्णीसिंग यांनी १९६२ च्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचे रौप्यपदक मिळवले, त्या काळापासून या खेळाला चिकटलेला राजेशाहीचा शिक्का २००४ मध्ये अथेन्सला लष्करी अधिकारी राज्यवर्धनसिंग राठोड यांच्या डबल ट्रॅपमधील रौप्यपदकाने काहीसा पुसला गेला. खर्च मात्र होता तिथेच राहिला.

हा खर्च किती, याचा अंदाज साध्या गणितातून येतो. एका फेरीत २५ लक्ष्ये असतात. गंभीरपणे सराव करणारा ट्रॅपचा नेमबाज दिवसाला चार फेऱ्या, म्हणजे १०० लक्ष्ये मारतो असे धरू. ट्रॅपमध्ये प्राथमिक फेरीत प्रत्येक लक्ष्यावर दुसरी गोळी झाडण्याची मुभा असते, त्यामुळे १०० लक्ष्यांमागे १३० काडतुसे सहज उडतात. आठवड्याचे पाच दिवस आणि वर्षाचे ४० आठवडे धरले, तर आकडा २६ हजारांवर जातो. काडतुसामागे एक रुपया वाचला, तर वर्षाला २६ हजार रुपये वाचतात. दहा रुपये वाचले, तर दोन लाख ६० हजार. स्कीटमध्ये लक्ष्यागणिक एकच गोळी असल्याने हिशेब थोडा सुसह्य होतो, एवढेच.

मग स्वस्तातले काडतूस घ्यावे का? घ्यावे, पण स्वस्त कशामुळे आहे हे पाहून घ्यावे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार छऱ्यांचे वजन २४ ग्रॅमहून अधिक आणि छऱ्याचा व्यास २.६ मिलिमीटरहून अधिक असून चालत नाही. (तपासणीत अर्ध्या ग्रॅमची सवलत मिळते, तो भाग वेगळा.) म्हणजे वजनाच्या बाबतीत महाग आणि स्वस्त काडतूस सारखेच असते. फरक असतो तो शिशाच्या कठीणपणात, दारूच्या एकसारखेपणात आणि छर्रे व दारू यांच्यामध्ये बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या वाटीत, म्हणजे वॅडमध्ये.

शिशात अँटिमनी मिसळले की छर्रा कठीण होतो. अँटिमनी महाग, त्यामुळे स्वस्त काडतुसात त्याचे प्रमाण कमी असते. मऊ छर्रे बार उडताच एकमेकांवर दाबून चपटे होतात आणि नळीबाहेर पडल्यावर वाट सोडून भरकटतात. स्कीटमध्ये लक्ष्य जवळ असल्याने हे फारसे जाणवत नाही. तिथे दोन मिलिमीटरचे, २४ ग्रॅममध्ये साधारण ५०० भरतील इतके बारीक छर्रे वापरतात आणि त्यांतले काही भरकटले तरी बिघडत नाही. ट्रॅपमध्ये लक्ष्य दूर पळत असते. २.४ मिलिमीटरचे छर्रे २४ ग्रॅममध्ये सुमारे ३००च बसतात. त्यांतले पन्नासेक भरकटले, तर ११० मिलिमीटर व्यासाची आणि जेमतेम २५ मिलिमीटर जाडीची तबकडी छऱ्यांच्या जाळ्यातून अलगद निसटते. (या तबकडीला ‘क्ले’ म्हणत असले तरी ती मातीची नसते, डांबर आणि चुनखडीची असते.) तेव्हा काटकसरीचा पहिला नियम असा, की स्कीटसाठी स्वस्त काडतूस निर्धास्तपणे घ्यावे, ट्रॅपसाठी तपासून.

तपासणी अवघड नाही. ३५ मीटरवर मोठा कागद ताणून लावावा, आपल्याच बंदुकीतून आपल्याच चोकने पाच बार काढावेत आणि ७५ सेंटिमीटरच्या वर्तुळात किती छर्रे पडले, कुठे मोकळ्या जागा राहिल्या, हे मोजावे. एकाच काडतुसाचे जाळे एका नळीतून घट्ट, तर दुसऱ्या नळीतून विस्कटलेले निघते. त्यामुळे मित्राच्या शिफारशीवर हजार काडतुसे उचलणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा बूट विकत घेणे. जाहिरातीतील वेगाच्या आकड्यालाही फार भुलू नये. जलद काडतुसापेक्षा एकाच खोक्यातील सर्व काडतुसे सारख्याच वेगाने जाणे महत्त्वाचे, कारण नेमबाजाचा हात त्या वेगाला सरावतो. म्हणूनच सराव एका मालावर आणि स्पर्धा पूर्णपणे दुसऱ्यावर, ही पद्धत घातक ठरू शकते. वर्षभर मध्यम दर्जाचे आणि स्पर्धेआधीचे काही आठवडे स्पर्धेचेच काडतूस, ही तडजोड त्यातल्या त्यात शहाणपणाची. नवशिक्यांचे गणित निराळे आहे. त्यांना २१ ग्रॅमचे हलके काडतूसही पुरते. खांद्याला धक्का कमी बसतो आणि दचकण्याची खोड लागत नाही.

हे सारे खरे. पण निवड करायला बाजारात माल तर हवा! ब्रिटनमधील हौशी नेमबाज दुकानात जाऊन चार कंपन्यांची काडतुसे पारखतो. आपल्याकडे काडतूस हे आधी शस्त्र कायद्याखालील दारूगोळा असते आणि नंतर क्रीडासाहित्य. केंद्रीय गृह मंत्रालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये नेमबाजांना सरावासाठी वर्षभरात घेता येणाऱ्या शॉटगन काडतुसांची मर्यादा ५०० वरून ५ हजारांवर नेली. दहापट वाढ कागदावर मोठी दिसते. वरच्या हिशेबाने मात्र ती ३८ दिवसांत संपते. राष्ट्रीय रायफल संघटनेचे पात्रता गुण मिळवून नामांकित नेमबाजाचा दर्जा मिळाला, की नियम सैल होतात. पण त्या दर्जापर्यंत पोहोचायलाच काडतुसे लागतात, ही यातली खरी गोम आहे.

त्यात जागतिक बाजार प्रतिकूल झाला आहे. युक्रेन युद्धानंतर, म्हणजे २०२२ पासून, युरोपात नायट्रोसेल्युलोज आणि धूरविरहित दारूची मागणी तोफगोळ्यांसाठी वाढली. क्रीडा काडतुसे बनवणारे कारखाने त्याच कच्च्या मालावर जगतात. इटलीतील १८७६ पासूनच्या फियोची कंपनीचा ७० टक्के हिस्सा त्याच वर्षी चेक प्रजासत्ताकातील संरक्षण उद्योगसमूहाने घेतला, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. दुसरीकडे शिशाविरुद्ध पर्यावरणाचे कायदे कडक होत आहेत. पाणथळ जागांत शिशाचे छर्रे वापरण्यास युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून मनाई केली, तर ब्रिटनने जुलै २०२५ मध्ये संक्रमणकाळ देऊन व्यापक बंदीची घोषणा केली. या धोरणामागील कारणे रास्त आहेत. पण हौशी खेळाडूंचा मोठा बाजार पोलादी छऱ्यांकडे वळला, तर शिशाचे काडतूस मोजक्या स्पर्धकांपुरते उरेल आणि महागेल. पोलादी छर्रे जुन्या, घट्ट चोकच्या बंदुकांना मानवत नाहीत, आणि आपल्याकडे अशा बंदुका पुष्कळ आहेत.

देशी काडतूस हा यावरचा सरळ उपाय वाटतो आणि त्यासाठी दूर जायचीही गरज नाही. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे. त्याची बारा बोअरची काडतुसे परवानाधारक शेतकऱ्यांच्या आणि सुरक्षारक्षकांच्या परिचयाची आहेत. ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे आणि तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. रानडुकराला पिटाळण्याचे काडतूस आणि ट्रॅपचे काडतूस एकाच यंत्रावर भरता येईल. दर्जा एकसारखा राखणे मात्र निराळी गोष्ट. त्यासाठी ठरावीक मागणी लागते. ती नोंदवायची कोणी, हा प्रश्न आहे. एकेकटा नेमबाज ते करू शकत नाही. राज्य संघटना आणि क्रीडा खात्याने वर्षाची गरज एकत्र करून कारखान्यापुढे ठेवली, तर निदान दर किती पडेल याचे उत्तर तरी मिळेल. तोवर क्लबांनी एकाच भरणीचा माल एकत्र मागवून, पावसाळ्यात कोरड्या जागी ठेवून आणि नवशिक्यांना त्यातून वाटा देऊन काम भागवावे लागेल.