मोटारीच्या जागेत माणसे

पुण्याच्या पेठांतून सिंहगड रस्त्याकडे जाताना इमारतींच्या तळाशी जरा वाकून पाहावे. मंजूर नकाशात जिथे मोटार उभी आहे, तिथे खाटा मांडलेल्या दिसतील. शटरच्या जागी दार, कोपऱ्यात मोरी, आणि भाडे ‘पर कॉट’. राहणारी मुले बहुतेक स्पर्धा परीक्षांसाठी गावाकडून आलेली. महापालिकेच्या दप्तरी मात्र तिथे कुणीच राहत नाही.

पार्किंगची जागा एफएसआयमध्ये, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांकात धरत नाहीत. तिला भिंती घालून खोली केली की ती मोजावी लागते. मग सुधारित नकाशा, परवानाधारक वास्तुविशारद, शिल्लक एफएसआय आणि गेलेल्या पार्किंगच्या बदल्यात दुसरे पार्किंग हे सगळे ओघाने आले. दाट वस्तीत ही शेवटची अट कुणाला पेलणार? म्हणून मालक परवानगीच्या वाटेला फिरकतच नाहीत. सोसायटीत तर ही जागा एकट्याची नसतेच. मुंबईतल्या दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले, की स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालची खांबांमधली जागा, सामाईक आहे, बिल्डरला ते विकता येत नाही.

कागदाचा हा घोळ जिवावर बेततो. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणाचा विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीतल्या सोसायट्यांचे तळ पाण्याखाली गेले. दोनच दिवसांनी दिल्लीच्या ओल्ड राजिंदरनगरात एका कोचिंग क्लासच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी मेले. ते तळघर परवानगीनुसार साठवणुकीसाठी होते, वापरात अभ्यासिका होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत गोरेगावच्या एका इमारतीत पार्किंगमध्ये लागलेल्या आगीने वरच्या मजल्यांवरच्यांचे बळी घेतले. मग त्याच मजल्यावर, वाहनांना खेटून झोपणाऱ्यांचे काय होईल? आणि घाटकोपरला २०१७ मध्ये इमारत कोसळून सतरा माणसे गेली, तेव्हा ठपका आला तो तळमजल्यावरच्या तोडफोडीवर. खोली मोठी करण्याच्या नादात एखादा खांब तासला, की तो भार सगळ्या इमारतीच्या डोक्यावर.

मग यंत्रणा काय करते? अनधिकृत बांधकामाला मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लावण्याची तरतूद महापालिका अधिनियमात आहे. ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, हेही तिथेच लिहिले आहे. पण लोक पावती जपून ठेवतात आणि तिलाच परवाना समजतात. त्यांना तरी दोष कसा द्यावा? २०१५ अखेरपर्यंतची बांधकामे नियमित करण्याची वाट राज्याने २०१७ मध्ये काढली, पिंपरी-चिंचवडची शास्ती २०२३ मध्ये माफ झाली. थांबले तर मिटते, हे मालक सरकारकडूनच शिकला.

सरसकट बुलडोझर हा यावरचा उपाय नव्हे. त्याने आधी बेघर होतील ती भाड्याने राहणारी मुलेच. अग्निशमन दल आणि बांधकाम विभागाने मिळून येत्या पावसाळ्याआधी पार्किंगमधल्या अशा खोल्यांची पाहणी करावी. पूररेषेतल्या आणि तळघरातल्या खोल्या ताबडतोब रिकाम्या कराव्यात, राहणाऱ्यांची अनामत मालकाकडून परत मिळवून द्यावी. उरलेल्यांपैकी बंगल्यांतल्या ज्या खोल्यांना पुरेशी उंची, दुसरी वाट आणि हवा-उजेड आहे, त्यांच्यासाठी परवानगीचा सुटसुटीत आणि मुदतबंद मार्ग खुला करावा. बाकीच्या खोल्यांतल्या खाटा उचलून तिथे पुन्हा गाड्या उभ्या राहिल्या पाहिजेत. नोटीस मात्र मालकाच्या नावाने निघावी, दारावर चिकटवून विद्यार्थ्यांना धाक घालायला नव्हे.