सल्ल्याची किंमत

नारूचा रोगी आज महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही. पायातून दोऱ्यासारखा बाहेर येणारा तो कृमी काडीवर गुंडाळीत बसलेला माणूस ज्यांनी डोळ्यांनी पाहिला, ती पिढीही आता थकली आहे. या रोगावर लस नव्हती, तो बरा करणारे औषधही नव्हते. तरीही १९८३-८४ मध्ये निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९९६ मध्ये राजस्थानात अखेरचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त देशाचे प्रमाणपत्र दिले. पाणी गाळून प्या, असे गावोगाव सांगितले गेले हे खरे. परंतु सांगणारे तेवढे सांगून घरी गेले नाहीत. गाळण्यासाठी कापड पुरविले गेले. ज्या पायविहिरींत लोक पाण्यात उतरून घागर भरीत, त्यांच्या पायऱ्या बंद करून वर कठडे बांधले गेले आणि ठिकठिकाणी हातपंप बसले. सल्ला आणि तो पाळण्याची सोय या दोन्ही गोष्टी गावात एकाच वेळी पोचल्या.

आरोग्य संवर्धनाचे सारे तत्त्व या एका उदाहरणात आहे. १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेचा आग्रह धरला. १९८६ च्या ओटावा सनदेने आणखी पुढे जाऊन शांतता, निवारा, शिक्षण, अन्न, उत्पन्न आणि सामाजिक न्याय यांची गणना आरोग्याच्या पूर्वअटींत केली. माणसाला स्वतःच्या आरोग्यावर अधिक ताबा मिळवून देणे, ही त्या सनदेची भूमिका होती. आपल्याकडे मात्र सनदेतला 'ताबा' गळाला आणि 'प्रबोधन' तेवढे उरले. भित्तिपत्रक छापावे, दिन साजरा करावा, हात कसे धुवावेत याचे प्रात्यक्षिक द्यावे आणि त्यानंतरही लोक आजारी पडले तर त्यांच्या अज्ञानाकडे बोट दाखवावे, असा हा शिरस्ता आहे.

अज्ञानाचा हा आरोप किती पोकळ आहे, हे पाहायचे असेल तर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईकडे पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयी स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ५४ टक्क्यांवर गेले. या बाईलाही सल्ला मिळतोच. लोहाच्या गोळ्या घ्या, हिरव्या भाज्या खा, पाणी भरपूर प्या, पाळीच्या दिवसांत स्वच्छता राखा, गरोदरपणी ओझे उचलू नका. यातील एकही वाक्य चुकीचे नाही. पण ती पहाटेच्या अंधारात कोपीतून उठते, चूल पेटवते, फडावर जाते, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरते. गोळी रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते आणि मळमळत कोयता चालत नाही. पाणी भरपूर प्यावे तर आडोसा कुठला? म्हणून ती तहान मारते. तिला कळत नाही असे नव्हे. तिने हिशेब केलेला असतो आणि तिच्या परिस्थितीत तो हिशेब बरोबर असतो.

सल्ला फुकट असतो, हा आरोग्य खात्याचा आवडता समज आहे. सल्ला देणे फुकट असेल, पाळणे कधीच नसते. पाळणाऱ्याला त्यासाठी वेळ, पैसा किंवा मजुरी सोडावी लागते. ज्याचे पोट मासिक पगारावर चालते, त्याला दवाखान्याचा अर्धा दिवस जाणवत नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती टनांमागे फेडायची असते आणि खाडा पडला की जोडप्यावर दंड बसतो. अशा व्यवस्थेत विश्रांतीचा सल्ला म्हणजे कर्ज वाढविण्याचा सल्ला ठरतो.

या हिशेबाचा शेवट कुठे झाला, हे २०१९ मध्ये साऱ्या राज्याने वाचले. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहांमागे एक. नफेखोर डॉक्टरांनी कर्करोगाची भीती घातली, हे त्यातले एक कारण. त्यावर खासगी रुग्णालयांनी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय ही शस्त्रक्रिया करू नये, असा निर्बंध आला. तो योग्यच होता. परंतु पाळी आणि अंगावरचे जाणे म्हणजे बुडालेली मजुरी, ही त्या बाईच्या मनातली बेरीज कोणत्या निर्बंधाने बदलली? सुरीवर पहारा बसला. फडावर पाणी आणि आडोसा आला नाही.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. महाराष्ट्रातील साखर कारखानदारीचा मोठा भाग सहकारी आहे आणि त्या सहकाराचा अभिमान पुरोगामी म्हणविणाऱ्यांनीही बाळगला आहे. ऊस लावणारा त्या सहकाराचा सभासद आहे; ऊस तोडणारी सभासदही नाही आणि कामगारही नाही. कारखाना तिला मुकादमाची माणूस म्हणतो, मुकादम स्वतःला मध्यस्थ म्हणतो आणि तिचा मालक कोणीच नसतो. तोडणीच्या दराचे करार संघटना आणि साखर संघ यांच्यात होत आले आहेत. त्यांत टनाचा भाव असतो, मुकादमाचे कमिशन असते. तळावर नळ, शौचालय, गरोदर बाईला भरपगारी सुटी आणि आजारपणाच्या खाड्याला दंडमाफी, ही कलमे त्याच करारात दराच्या जोडीने बसली पाहिजेत. आपल्या संघटनांनीही आजवर दरापलीकडे फारसे पाहिले नाही, हे कबूल करावे लागेल.

आणि जिच्या तोंडून हा सल्ला दिला जातो, ती आशा सेविका? २००५ पासून हजार लोकवस्तीमागे एक या हिशेबाने नेमलेली ही स्त्री शासनाच्या लेखी स्वयंसेविका आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. त्याच्या आदल्या वर्षी, करोनाच्या काळात, महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला होता. योजनाकर्मींना कामगार मानून किमान वेतन द्यावे, अशी शिफारस २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने केली होती. ती तशीच पडून आहे. जिला स्वतःला वेतन नाही, तिने जिला सुटी नाही तिला विश्रांती घ्यायला सांगायचे, असे हे आपले आरोग्य संवर्धन. पैसा नाही, हे उत्तर ठरलेलेच असते. २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ मध्ये तो दोन टक्क्यांपर्यंतही पोचला नव्हता.

दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या गाव सोडतात. कार्यकर्त्यांनी त्याआधी गावातल्या आशा सेविकेसोबत बसून कोणत्या बाया जाणार आहेत, त्यांत गरोदर किती आणि कोणत्या कारखान्यावर, याची यादी करावी. ती कारखान्याच्या तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तिथल्या आपल्या कार्यकर्त्यांच्या हाती पोचवावी. हंगामात एकदा तरी तळावर जाऊन पाणी किती अंतरावरून आणावे लागते, शौचालये किती आहेत आणि आजारपणाच्या खाड्याला दंड कोणी वसूल केला, हे लिहून आणावे. पुढच्या कराराच्या बैठकीत साखर संघापुढे ते कागद ठेवायचे आहेत.