गेल्या वर्षी चालत होतं ना!

मे संपत आला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींचं चिकन आदल्या रात्रीच मसाल्यात मुरत पडतं. गॅस ग्रिल तपासायला मात्र कुणाला वेळ नाही! "गेल्या वर्षी चालत होतं ना" ही काही टेस्ट नव्हे, राव. पडून असलेल्या ग्रिलच्या बर्नरच्या नळ्यांत कोळी जाळी विणतात. गॅस अडतो आणि आग नको तिथे लागते. म्हणून आधी नळ्या ब्रशने साफ करा. मग बर्नर बंद ठेवून सिलिंडर उघडा, पाइप आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे दिसले की सिलिंडर बंद, दुरुस्तीशिवाय पेटवणं नाही! पेटवताना झाकण उघडंच हवं; प्रोपेन हवेपेक्षा जड, आत साचून राहतो. १५ मिनिटांचं काम. साधा कोडसुद्धा आपण टेस्ट केल्याशिवाय सोडत नाही; इथे तर बाजूला पोरं खेळत असतात.