हजेरीला चेहरा चालेल, गिऱ्हाईकाचा नको!

हजेरीच्या व्हिडिओत मशीन कसं बसवायचं ते आपण पाहिलं. पण ते बसवावं का, आणि कुठे, हा वेगळा विषय आहे, आणि त्यावर माझं ठाम मत आहे. चेहरा ओळखणारी यंत्रणा विकणारे हल्ली दोन वस्तू एकाच कोटेशनमध्ये घालतात. एक म्हणजे कामगारांच्या हजेरीचं मशीन. दुसरी म्हणजे दुकानाच्या दारातला कॅमेरा, जो जुना चोर आत शिरला की तुमच्या मोबाइलवर मेसेज पाठवतो म्हणे. पहिली वस्तू नीट चौकशी करून जरूर घ्या. दुसरी घेऊ नका.

हजेरीचा फायदा खरा आहे. ज्यांची माणसं सिमेंटमध्ये, ऑइलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात काम करतात त्यांना विचारा. बोटाच्या ठशाचं मशीन अशा हातांपुढे हात टेकतं. माणूस तीन-तीनदा बोट पुसून लावतो आणि मागे रांग वाढत जाते. चेहऱ्याने तो त्रास जातो, शिवाय एकाने दुसऱ्याची हजेरी लावणंही बंद होतं. आणि इथे मशीनचं काम सोपं आहे. माणूस स्वतः समोर येऊन उभा राहतो, उजेड ठरलेला असतो आणि पंधरा-वीस चेहऱ्यांतूनच शोधायचं असतं. चुकलंच तर रजिस्टरवर सही करायची, विषय संपला.

दारातल्या कॅमेऱ्याचं तसं नाही. चला, हिशोबच करू, आपण धंदेवाले आहोत. समजा तुमच्याकडे रोज ३०० गिऱ्हाईकं येतात, म्हणजे महिन्याला ९,०००. विक्रेता म्हणतो, मशीन हजारात एकदाच चुकतं. ऐकायला झकास! पण मग महिन्याला नऊ भल्या माणसांवर चोर म्हणून मेसेज येणार. खरा चोर महिन्यात एकदा परत आला असं धरलं, तरी दहा मेसेजमधले नऊ खोटे. आणि त्या नऊ जणांमागे तुमचा पोरगा काउंटर सोडून फिरणार. गिऱ्हाईकाला ते कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? गावात किंवा सोसायटीत ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडे जाते.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. अमेरिकेत राइट एड नावाची औषध दुकानांची मोठी साखळी होती. २०१२ ते २०२० या काळात त्यांच्या शेकडो दुकानांत असे कॅमेरे होते. यादीतले बरेच फोटो सीसीटीव्हीतून किंवा मोबाइलवरून काढलेले, धूसर. मशीनने निरपराध माणसांना चोर ठरवलं, कर्मचारी त्यांच्या मागे फिरले, काहींना सगळ्यांदेखत हटकलं. अकरा वर्षांच्या एका मुलीची झडती घेतली. कृष्णवर्णीय आणि आशियाई वस्तीतल्या दुकानांत चुका जास्त होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांना पाच वर्षं ही यंत्रणा वापरायला बंदी घातली. एवढ्या मोठ्या कंपनीला जे जमलं नाही ते आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानाला कसं जमेल?

आता हजेरीच्या मशीनकडे परत येऊ, कारण तिथेही एक गोम आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. चेहरा कुठून बदलणार? २०१९ मध्ये बायोस्टार २ या हजेरी-प्रवेश यंत्रणेचा डेटाबेस इंटरनेटवर उघडा पडलेला संशोधकांना सापडला. त्यात दहा लाखांहून जास्त लोकांचे ठसे आणि चेहऱ्यांची माहितीही असल्याचं त्यांनी सांगितलं.

म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून लिहून घ्या की डेटा मशीनमध्येच राहणार की त्यांच्या सर्व्हरवर जाणार. मूळ फोटो साठवतात की फक्त चेहऱ्याच्या मापांचा कोड, तेही विचारा. कामगार सोडून गेला की त्याची नोंद कशी पुसायची हे स्वतः करून बघा. आणि कृपा करून मशीनचा कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, १२३४ ठेवू नका! आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कामासाठी डेटा वापरायला थोडी मोकळीक आहे, पण तो सांभाळायची जबाबदारी मालकाचीच. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

कायद्याने मोकळीक दिली तरी माणसांना आधी सांगा, एवढं तरी करा. एखादी ताई म्हणाली, "दादा, मला फोटो द्यायचा नाही," तर तिच्यासाठी रजिस्टर ठेवा. पुणे-मुंबईच्या विमानतळावरसुद्धा डिजीयात्रा नको असेल तर ओळखपत्र दाखवून आत जाता येतं. आपल्या वर्कशॉपमध्ये एक वही ठेवायला काय खर्च येतो?

आणि यातलं काही विचारल्यावर विक्रेता हसून म्हणाला, "साहेब, एवढं कोण बघतं?", तर त्याचं कोटेशन तिथेच परत करा आणि दुसऱ्याला फोन लावा.