श्वास घ्या, सर!

मे 2020, कोरोनाचा काळ. वणीच्या उन्हात डांबर पाघळत होतं, कोळशाचे ट्रक धूळ उडवत जात होते आणि मी, पेशाने मास्तर, तपासणी नाक्यावर थर्मल गन घेऊन लोकांची कपाळं मोजत होतो. तेवढ्यात मोबाइलवर आदेश आला: 'ताणतणाव व्यवस्थापन व भावनिक संतुलन', ऑनलाइन प्रशिक्षण, उपस्थिती अनिवार्य, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकावा. पडद्यावर पंख्याखाली बसलेल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, डोळे मिटा, खोल श्वास घ्या. शेजारचा सहकारी म्हणाला, "सर, मी घेऊन ऱ्हायलो, पण आत धूळच जाऊन ऱ्हायली."

मानसशास्त्राशी माझं वैर नाही. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सजगतेचं प्रशिक्षण सुरू केलं, ते जुनाट दुखण्याने पिचलेल्या रुग्णांसाठी. जे दुखणं जाणारच नाही, त्याच्याशी कसं जगावं, हे शिकवायला. आमचं दुखणं मात्र एका सहीने जाणारं होतं. सावली, पाणी, धड मास्क, पाळी बदलायला दुसरा माणूस. ते द्यायचं नाही आणि वर आमच्याच मनाला वळण लावायचं, याला मी प्रशिक्षण म्हणत नाही, लबाडी म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये 'बर्नआउट'ची नोंद आजार म्हणून केली नाही. कामाच्या ठिकाणच्या, वेळीच न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केली. आपल्याकडे दुरुस्ती मात्र कामगाराची.

आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात सप्टेंबर 2020 मध्ये वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सामूहिक राजीनामे दिले. विषाणूला घाबरून नव्हे. तक्रार वरिष्ठांच्या वागणुकीची होती. आता सांगा, भावनांवर ताबा ठेवायचा वर्ग कुणाचा घ्यायला हवा होता? जून 2021 मध्ये राज्यातल्या आशा सेविका संपावर गेल्या, तेव्हा त्यांनी ध्यानाची सतरंजी मागितली नाही. मोबदला मागितला, आणि दरमहा 1,500 रुपयांची वाढ पदरात पाडून घेतली. तणावमुक्तीचा याहून चोख वर्ग मी पाहिलेला नाही.

आणि एप्रिल 2021. टाळेबंदीत दारूची दुकानं बंद होती, म्हणून याच वणीत सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले. कष्टकरी माणसं. गावाने हळहळ केली आणि लगेच 'बेवडेच होते' म्हणून हात झटकले. ज्याच्या अंगात व्यसन मुरलंय त्याची दारू अचानक तुटली की हात कापतात, झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. हा नीतीचा नाही, दवाखान्याचा विषय आहे. शटर खाली ओढताना अशा माणसांनी जायचं कुठे, हे त्यांना कुणी सांगितलं होतं का? भावनिक संतुलनाची लिंक त्यांच्या मोबाइलवर कुणी पाठवली होती? ती जायची फक्त हजेरीपटावर नाव असलेल्यांना. मलाही आली, म्हणजे मीही त्या लाडक्यांतलाच. हे लिहिताना लाज वाटते.

प्रशिक्षणाच्या शेवटी अभिप्रायाचा फॉर्म होता. 'सत्र उपयुक्त वाटले का?' पर्याय तीन: खूप, बऱ्यापैकी, थोडेसे. 'नाही' नव्हताच. फॉर्म भरल्याशिवाय हजेरी लागत नव्हती. घामेजल्या बोटाने मी 'थोडेसे' दाबलं आणि समोर थांबलेल्या मोटारसायकलवाल्याच्या कपाळावर गन धरली.