भेट नव्हे, उत्पन्न

सेलू तालुक्यातील वालूरसारख्या गावांत चिकित्सा आणि औषधविक्री पुष्कळदा एकाच छपराखाली चालते. त्यामुळे कंपनीचा प्रतिनिधी वर्षअखेरीस जे देऊन जातो, ते विक्रेत्याला मिळाले की वैद्याला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारला गेला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

व्यापारी सवलतीविषयी वाद नाही. दहा बाटल्या आसवांवर दोन बाटल्या जादा मिळाल्या किंवा बिलातच सूट वजा झाली, तर ती खरेदीच्या किमतीतील घट होय. अशा सवलतीवर उगमस्थानी करकपात करण्याची गरज नाही, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जून २०२२ च्या परिपत्रकात सांगितले आहे.

ठरलेली उचल पूर्ण केल्याबद्दल मिळणारे सोन्याचे नाणे, शीतकपाट, सहल वा रोख रक्कम यांची गोष्ट निराळी. आपण तिला भेट म्हणतो; कायदा तिला व्यवसायातून झालेला लाभ, म्हणजेच उत्पन्न मानतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात १ जुलै २०२२ पासून कलम १९४आर लागू झाले. एकाच दात्याकडून वर्षभरात वीस हजार रुपयांहून अधिक लाभ मिळाल्यास त्यावर दहा टक्के करकपात करण्याचे बंधन त्याने आले. २०२५ च्या नव्या कायद्यातही हे तत्त्व कायम आहे. समजा, तीस हजारांचे शीतकपाट मिळाले, तर तीन हजारांचा कर आधी भरला जातो व त्याची नोंद आपल्या वार्षिक माहिती विवरणात उमटते. पण तेवढ्याने हिशेब मिटत नाही. पूर्ण तीस हजार उत्पन्नात दाखवून आपल्या दरानुसार कर काढावा लागतो. भरलेले तीन हजार त्यातून वजा होतात. वीस हजारांची मर्यादा करकपातीची आहे, करमाफीची नव्हे, हेही अनेक बांधव विसरतात.

वैद्य म्हणून स्वीकारलेल्या लाभाचा प्रश्न याहून गंभीर आहे. आचारसंहितेचा भंग करणाऱ्या भेटींचा खर्च कंपनीला वजा मिळणार नाही, असे मंडळाने ऑगस्ट २०१२ मध्येच म्हटले होते. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात तेच उचलून धरले. तो खटला आधुनिक वैद्यकाच्या आचारनियमांवर आधारलेला होता, हे खरे. परंतु त्याच वर्षीच्या वित्त अधिनियमाने हे तत्त्व सर्वांसाठी कायद्यात आणले, आणि आचारसंहिता आपल्यालाही आहे. अशा लाभावर कर भरला म्हणून तो शुद्ध होत नाही. रुग्णाच्या चिठ्ठीवर कोणते औषध लिहावे, हे त्याच्या प्रकृतीने ठरवावे, बक्षिसाने नव्हे.

खेड्यातील व्यवसायाची मिळकत तुटपुंजी आहे आणि अशा रकमांचा आधार वाटतो, हे आम्ही जाणतो. म्हणूनच आमची सूचना सोपी आहे. कंपनीला जे द्यायचे आहे ते तिने बिलातच सूट म्हणून द्यावे, असा आग्रह आपण धरावा. हिशेब स्वच्छ राहील, आणि त्या सुटीतील काही वाटा रुग्णाच्या पदरातही टाकता येईल. सोन्याच्या नाण्यातून तसे करता येत नाही.