अंतराळात एक खून झालाच पाहिजे!

मराठी साहित्यात खून पाडायला माझी कधीच हरकत नव्हती. माझी तक्रार एवढीच, की आपले खून वाड्यात, बंगल्यात, फार तर माथेरानच्या दरीत पडतात. अवकाशस्थानकावर, तेही वाचकाला खदखदून हसवत, मुडदा पाडायची छाती सहसा कुणी करत नाही.

हे बोलून दाखवलं की जाणकार मंडळी चष्मा वर सरकवतात. त्यांच्या लेखी रहस्यकथा एस.टी.त वाचायची, विज्ञानकथा मुलांनी वाचायची आणि विनोद फराळाबरोबर वाचायचा. मग साहित्य? ते वाचायचं नसतं हो, त्यावर बोलायचं असतं!

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्यामागे धावता धावता कितीतरी लोकांना वाचनाची चटक लागली. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक, नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते जयंत विष्णु नारळीकर! आद्याक्षरं उलटी करून, नावाचा दबदबा घरी ठेवून त्यांनी कथा धाडली होती. तेच नारळीकर 2021 च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. म्हणजे विज्ञानकथेला मांडवात पाट मिळायला 47 वर्षं लागली. रहस्यकथा अजून दाराशी सगळ्यांच्या चपला सांभाळत उभी आहे.

“पण मराठी वाचकाला अवकाशस्थानक आपलं वाटेल का?” असं विचारणाऱ्यांनी नवी मुंबईत यावं. आम्ही आळीत राहत नाही, सेक्टरात राहतो. सिडकोने आमच्या वसाहतींना ‘नोड’ म्हटलं, आणि आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाच्या जोडखोल्यांनाही नोडच म्हणतात. 1992 मध्ये लोकल खाडी ओलांडून वाशीला येईपर्यंत दादरचे नातेवाईक आमच्याकडे यायचं तर चंद्रावर निघाल्यासारखा निरोप घेत. राहता राहिला खुनाचा हेतू. त्या स्थानकावर घाम आणि लघवीसुद्धा शुद्ध करून पुन्हा पितात. 98 टक्के पाणी परत मिळवल्याचं नासाने 2023 मध्ये सांगितलं. टँकरच्या पाण्यावरून सोसायटीची सभा कशी पेटते हे ज्याने पाहिलंय, त्याला वेगळा हेतू शोधावा लागणार नाही.

“हे सगळं खोटं वाटेल,” हा तिसरा आक्षेप. खरं काय घडलं ते ऐका. ऑगस्ट 2018 मध्ये स्थानकाला जोडलेल्या सोयूझ यानात दोन मिलिमीटरचं भोक सापडलं. हवा गळतेय, बंद डबा, आत सहा माणसं! भोक कुणी पाडलं, हे जगाला आजवर उघडपणे सांगितलेलं नाही. 2019 मध्ये तर अवकाशातल्या पहिल्या गुन्ह्याचा गाजावाजा झाला. आरोप काय? स्थानकावरून दुसऱ्याचं बँकखातं उघडून पाहिलं! पुढे तो टिकला नाही. 2020 मध्ये तक्रारदारावरच खोटं बोलल्याचा खटला भरला गेला. पण बँकेत कारकुनी करणाऱ्या माझ्यासारख्याचा ऊर भरून आला. आमचं खातं कुठवर पोचलं पाहा!

आणि विज्ञान शिकवायला याहून सोपी वाट कुठली? तिथे प्रेत धाडकन कोसळत नाही, तरंगतं. रक्ताचं थारोळं साचत नाही, गोळे होऊन फिरतं. चहात विष कालवावं, तर चहा पिशवीतून नळीने प्यायचा. दिवसाला सोळा सूर्योदय; “काल रात्री आपण कुठे होता?” या प्रश्नाला संशयिताने उत्तर तरी काय द्यावं? न्यूटनला साक्षीला बोलावल्याखेरीज खुनी सापडायचा नाही. व्याख्यान ऐकताना पेंगणारा वाचक इथे गुरुत्वाकर्षण स्वतःहून विचारेल.

2025 मध्ये शुभांशू शुक्ला त्या स्थानकावर राहून आले. जाताना आमरस घेऊन गेले होते. आमरस पोचला तिथे मराठी का पोचू नये? नुसत्या गौरवगीतांनी भाषा जगत नसते. जिच्यात चोरी, चहाडी, टवाळी आणि खून सुखेनैव करता येतात, तीच राहती भाषा. उद्याच्या जगातल्या भानगडी आपण मराठीत लिहिल्या नाहीत, तर आमची पोरं त्या इंग्रजीत वाचतील आणि मराठी फक्त सत्यनारायणाच्या पत्रिकेपुरती उरेल.

तेव्हा लेखकहो, संकोच सोडा. एक मुडदा तरंगू द्या. पंचनामा मात्र मराठीत झाला पाहिजे!